मारते ऊन, आळ मात्र थंडीवर

गेल्या मार्गशीर्षातली पहाट. शेंदूरजनाघाटच्या एका स्नेह्यांच्या बागेतली आंबिया बहाराची संत्री क्रेटांत भरून झालेली, पिकअप वरूडच्या बाजाराला निघायच्या बेतात. चावी फिरवली तर नुसते 'टक्' वाजले. पुन्हा तेच. शेवटी चार मजूर, दोन पाहुणे आणि मी (पाहुणचार असा फेडावा लागला) मिळून धक्का मारला, तेव्हा गाडी एकदाची फुरफुरली. "थंडीनं बॅटरी मेली," असा निकाल स्नेह्यांनी देऊन टाकला.

वरूडला मिस्त्रीने बॅटरीची बुचे उघडून आत पाहिले आणि तो हसला. "थंडीनं नाई मेली, भाऊ. थे उन्हाळ्यातच मेली होती. तुमाले आज समजलं."

मिस्त्रीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. शिशाच्या जाळ्या आणि पातळ केलेले गंधकाम्ल, एवढाच या बॅटरीचा संसार. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच माणसाने तो १८५९ मध्ये मांडला. असे सहा सेल जोडले की पूर्ण भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते. पण उष्णता वाढली की आतल्या रासायनिक क्रियांना नको तेवढा वेग येतो. ढोबळ हिशेब असा की, तापमान १० अंशांनी चढले तर आयुष्य निम्म्यावर येते. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात सावलीतलाच पारा ४४-४५ अंशांवर जातो. मग बॉनेटखाली काय होत असेल? पाणी उडते, जाळ्या झिजतात. तरीही उन्हाळ्यात गाडी सुरू होते, कारण तापलेल्या बॅटरीला तात्पुरता जोर असतो आणि इंजिनातले ऑईलही पातळ असते. थंडीत ऑईल घट्ट होते, बॅटरीचा जोर ओसरतो आणि लपलेले दुखणे उघडे पडते.

त्यात आपल्या गाड्यांची चाकरी बहारावर. हंगामात रात्रंदिवस धावायचे आणि मग महिनोन्महिने उन्हात उभे राहायचे. उभ्या गाडीची बॅटरीही आपोआप उतरत असते, आणि उन्हात अधिकच. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो व हळूहळू मुतखड्यासारखा टणक होतो. मग चार्जिंगला लावूनही फारसा उपयोग नाही. गावातल्या गावात चार फेऱ्या मारणे हाही उपाय नव्हे. सेल मारताना खर्चलेली वीज भरून यायला गाडी बरीच धावावी लागते.

पाण्याची गोष्ट तर आणखी निराळी. संत्र्यापायी वरूड तालुक्यातले बोअर किती खोल गेले, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्या खोलातले क्षारांचे पाणी काही जण बिनदिक्कत बॅटरीत ओततात! तिथे डिस्टिल्ड वॉटरच हवे, तेही पट्ट्या बुडून थोडे वर राहील इतकेच. ॲसिड मात्र वरून घालू नये. उडते ते पाणी, ॲसिड नव्हे. आमच्या स्नेह्यांच्या बॅटरीतले दोन सेल पार कोरडे पडले होते. हल्लीच्या बंद बॅटऱ्यांत पाणी घालावे लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ऊन त्यांनाही सोडत नाही. आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्टच्या वर चार्जिंग जाऊ लागले, तर कोणतीही बॅटरी आतून शिजते. शिवाय पांदणीच्या रस्त्यावर पट्टी सैल असलेली बॅटरी गचके खात राहते, ते वेगळेच.

स्नेह्यांनी नवी बॅटरी घेतली आणि जुनी दुकानदाराला परत दिली. शिसे विषारी, ते उकिरड्यावर जाता कामा नये. यंदाच्या वैशाखात गेलो तेव्हा पिकअप निंबाच्या गर्द सावलीत दिमाखाने उभी होती. ती जागा आजवर ट्रॅक्टरची. तो आता बांधाशी रणरणत्या उन्हात उभा असतो. त्याची बॅटरीही शिशाचीच आहे, हे त्यांना सांगायचे अजून राहिले आहे.