रिकिबीतला पाय आणि लांब चामडी बूट

घोड्यावर रोज तासभर बसणाऱ्याची सर्वांत आधी सोलते ती पोटरीची आतली बाजू. रिकीब ज्या चामडी पट्ट्याने खोगिराला टांगलेली असते, तो पट्टा घोड्याच्या प्रत्येक पावलाबरोबर पायावर घासतो. दुडकीत तर चिमटे काढतो. गुडघ्याखालपर्यंत येणारा बूट या पट्ट्याच्या आणि पोटरीच्या मध्ये येतो. बुटाची टाच साधारण अडीच सेंटिमीटर उंच असते, त्यामुळे पाऊल रिकिबीतून आरपार घसरत नाही. तळ गुळगुळीत असतो, कारण स्वार पडला तर पाय चटकन सुटायला हवा. खाचाखाचांचा तळ रिकिबीत रुततो आणि बिथरलेला घोडा स्वाराला फरफटत नेतो. बोरी-बाभळीचे काटे, घोड्याचा घाम आणि शेजारच्या घोड्याची एखादी लाथ यांच्यापासून होणारा बचाव हा वरचा नफा.

हा बूट इथे ज्या हवेत आणि मातीत वापरायचा, ते तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. संत्र्यांच्या बागा आणि काळी कपाशीची जमीन हा भोवतालचा मुलूख. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि जून लागला की तीच भेगाळलेली माती गोळे होऊन पायाला चिकटते. लांब बुटाची इतकी कठोर परीक्षा थंड, हिरव्या देशात होत नाही, आणि बाजारात मिळणारे बरेच बूट त्या देशांच्या हवेचा विचार करूनच घडवलेले असतात. उन्हाळ्यात चामडे वाळून तडकते, पावसाळ्यात त्याला बुरशी येते, चिखलातून पाऊल उपसताना तळ ओढला जातो. म्हणून या भागात टिकाऊपणा तपासताना चामड्याच्या चकाकीपेक्षा शिवण आणि तळ आधी पाहावा लागतो.

मराठी घोडेस्वाराला लांब बूट परंपरेने आलेला नाही. मराठ्यांचे बारगीर आणि शिलेदार चोळणा घालून, पायात साधा जोडा चढवून शेकडो मैल दौडत. त्यांचे खोगीर कापडाचे, आत भर घालून मऊ केलेले असे (‘खोगीरभरती’ हा शब्द तिथलाच); अशा खोगिरावर पोटरी सोलण्याचा प्रश्न फारसा येत नाही. गुळगुळीत, कडक चामड्याचे इंग्रजी खोगीर पलटणींबरोबर आले आणि त्याच्या मागोमाग लांब बूट आला. आज पावसाळ्यात शेतकरी वापरतो त्या रबरी गमबुटाच्या घराण्याचा धागा तर थेट विदर्भाच्या इतिहासाला लागतो. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावला आणि 15 डिसेंबरला गाविलगडावर लढणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याने लंडनच्या मोच्याकडून वासराच्या मऊ चामड्याचा, पायाला घट्ट बसणारा बूट करवून घेतला आणि त्या बुटाला त्याचेच नाव पडले. रबराचा अवतार 1850च्या दशकातला.

चामड्याची गोष्ट तळेगावकरांना त्याहून जवळची आहे. आर्वी-आष्टीचा हा पट्टा गवळाऊ जातीच्या गुरांचा. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत 1930च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. तिथे नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचेच कातडे कमावायचे, असा गांधीजींच्या विचाराला धरून नियम होता. गावातले मेलेले ढोर ओढून नेणाऱ्यांच्या वाट्याला अस्पृश्यता येई आणि ते कातडे मात्र मातीमोलाने जाई किंवा सडे. त्या कामाला शास्त्र आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळावीत, हा हेतू. कमावण्याची गावठी रीत अशी: कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस आणि मांस खरवडून काढायचे, मग ते पिशवीसारखे शिवायचे, आत बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा काढा भरून ते टांगून ठेवायचे. काढा झिरपत राही तसतसे कातड्याचे चामडे होई. याला आठवडे लागत. घाई केली की मधला थर कच्चा राही आणि असले चामडे पहिल्याच पावसात कुजू लागे.

क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटरटन यांच्या प्रयत्नांनी रुजली. तिने हेच काम काही दिवसांवर आणले. क्रोमचे चामडे मऊ, लवचीक आणि ओलाव्याला दाद न देणारे. सालीने कमावलेले चामडे कडक, घडवू तसा आकार धरणारे, पण भिजून घाईने वाळवले तर तडकणारे. चांगल्या लांब बुटात दोन्ही असतात: वरचा भाग क्रोमचा, तळ आणि टाचेचा आतला आधार सालीच्या चामड्याचा. ‘अस्सल चामडे’ एवढ्या शिक्क्यावरून यातले काहीच कळत नाही. कातड्याचे आडवे थर चिरून खालचा तंतुमय थर वेगळा काढतात आणि त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन विकतात. तोही नावाला चामडेच असतो, पण घोट्याशी रोज दुमडला गेला की काही महिन्यांत लेपाच्या पापड्या सुटतात. ओळखायला कापलेली कड पाहावी. अस्सल वरच्या थराचे तंतू पृष्ठभागापर्यंत दाट विणलेले दिसतात, तर लेपाच्या मालावर कडेला वेगळी पातळ साय दिसते. अंगठ्याने दाबल्यावर अस्सल चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटून पसरतात. लेपावर एकच खळगा पडतो. पोटाकडचे चामडे सैल असते आणि ताणत जाते, पाठीकडचे घट्ट. पोटरीच्या आतल्या बाजूला पाठीचे चामडे लावणारा कारागीर आपले काम जाणतो, असे खुशाल समजावे.

महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे स्थानिक चामड्यात म्हशीचा वाटा मोठा आहे. म्हशीचे चामडे जाड आणि जरा खरबरीत पोताचे. गाईच्या किंवा वासराच्या चामड्याइतके देखणे नव्हे. पण रोजच्या वापराच्या बुटाला देखणेपण कितीसे लागते? मिरवणुकीच्या बुटाला लागते. म्हशीच्या चामड्याचा बूट सुरुवातीला पायाला जड वाटतो, नंतर पोटरीचा आकार धरतो आणि स्वस्तही पडतो. रोज घोड्यावर बसणाऱ्याने त्याला नाक मुरडू नये.

खरेदीची जागा बहुतेक वेळा गावाबाहेरच असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि साजाचाही. पण तो मुख्यतः घोड्याचा साज, स्वाराचा नव्हे. पुण्या-मुंबईत घोडेस्वारीचे क्लब आणि रेसकोर्स असल्याने तिथे सामान मिळते. देशातले मोठे केंद्र मात्र कानपूर. 1857 नंतरच्या दशकांत लष्करासाठी तिथे खोगीर आणि साज बनवण्याचा सरकारी कारखाना निघाला, त्याभोवती चामड्याचा उद्योग वाढला आणि आज कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकन आहे. परदेशी दुकानांत झळकणारे खोगीर-बूट अनेकदा इथल्याच कारागिरांच्या हातचे असतात, तेव्हा परदेशी शिक्क्यासाठी दुप्पट-तिप्पट मोजण्यापूर्वी माल कुठे बनला ते पाहावे. कराचा हिशेबही ध्यानात ठेवावा: 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणाच्या जोडीवर 5 टक्के आणि त्याहून महाग जोडीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. चामड्याचा लांब बूट अर्थातच वरच्या दरात जातो.

इथे एक पर्याय असा आहे की ज्याकडे नवा स्वार कमीपणाचा म्हणून पाहतो आणि जुना स्वार आधी तोच निवडतो. घोट्यापर्यंतचा आखूड चामडी बूट आणि पोटरीला गुंडाळायचे वेगळे चामडी आवरण, ज्याला घोडेस्वारीच्या क्लबांत हाफ चॅप्स म्हणतात. लांब बुटाचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात. तळ आणि घोटा आधी जातात; पोटरीचा भाग बराच काळ शाबूत राहतो. अखंड बुटात एक भाग गेला की दुसऱ्याचेही मोल घटते. जोडी वेगळी असली तर फक्त आखूड बूट बदलता येतो, आणि तो गावातल्या मोच्यालाही शिवता येतो. उन्हाळ्यात घोड्यावरून उतरताच पोटरी मोकळी करता येते, हे 45 अंशांत थोडे सुख नाही. विदर्भातल्या रोजच्या स्वारीसाठी हीच जोडी सर्वांत व्यवहारी म्हणावी लागेल. अखंड लांब बूट घ्यायचाच असेल तर तो दुसरा बूट म्हणून घ्यावा.

रबरी गमबुटाचा मोह पावसाळ्यात होतो. तो स्वस्त असतो आणि चिखल धुऊन निघतो. पण त्याचा तळ खोल खाचांचा, पंजा रुंद आणि आत हवा खेळत नाही. रिकिबीत असा बूट धोक्याचा. घोडेस्वारीसाठी वेगळे घडवलेले रबरी बूट मिळतात. त्यांचा तळ सपाट आणि पंजा निमुळता असतो, आणि पावसाचे चार महिने तेवढे त्यांनी निभावतात. रिकीब बुटाच्या रुंदीपेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद असावी, हा नियम कोणत्याही बुटाला लागू. बूट बदलला की रिकीबही पुन्हा मोजावी. मोटारसायकलचे किंवा फॅशनचे उंच बूट इथे चालत नाहीत: त्यांची चेन आतल्या बाजूला असते आणि खोगीर ओरबाडते, बकला रिकिबीत अडकतात.

तळ चिकटवलेला आहे की शिवलेला, हा भावापेक्षा मोठा प्रश्न. शिवलेल्या तळात वरचे चामडे, आतला तळ आणि कडेची पट्टी एकत्र शिवलेली असते आणि बाहेरचा तळ त्या पट्टीला. तो झिजला की उसवून नवा लावता येतो. चिकटवलेला तळ उन्हाने डिंक मऊ झाला की तोंड उघडतो. शिवलेला दिसावा म्हणून चिकटवलेल्या तळावर नुसती दोऱ्याची नक्षी उमटवणारेही आहेत, म्हणून आत हात घालून टाके लागतात का ते पाहावे. मागच्या चेनमुळे बूट चढवायला सोपा होतो, पण धूळ-चिखलात पहिली निकामी होते ती चेनच. बिनचेनीचा बूट ओढून काढायला जड जातो. त्यासाठी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडलेली फळी सुतार घडीभरात करून देतो. खाचेत टाच अडकवून पाय वर ओढायचा.

मापे टपालाने किंवा फोनवरून कळवायची असतील तर संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. स्वारीची विजार आणि मोजे घालून, खुर्चीवर गुडघा काटकोनात ठेवून बसावे. जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची, पोटरीचा सर्वांत जाड घेर, घोट्याचा घेर आणि पावलाची लांबी, हे सारे दोन्ही पायांचे वेगवेगळे मोजावे. दोन पोटऱ्या क्वचितच सारख्या असतात. नवा बूट घोट्याशी घड्या पडून अडीच ते चार सेंटिमीटर खाली बसतो, तेव्हा तेवढी उंची जास्त सांगावी. पहिल्या दिवशी तो गुडघ्यामागे टोचलाच पाहिजे. न टोचणारा नवा बूट महिन्याभराने आखूड झालेला असतो.

नव्या बुटाने थेट लांबच्या रपेटीला निघू नये. घरात रोज अर्धा तास चालून तो पायाशी जुळवावा. स्वारीनंतर घोड्याचा खारट घाम ओल्या फडक्याने पुसला नाही तर आधी कुजतो तो दोरा, मग चामडे. धुण्याच्या साबणाऐवजी ग्लिसरीनचा साबण वापरावा. तेल वर्षातून दोन-तीनदा, तेही हात पुसल्याइतके. खोबरेल चोपडत राहिले तर चामडे ढिले पडते. पॉलिश बाहेरच्या बाजूला लावावे. आतल्या पोटरीला लावले तर खोगिरावर डाग पडतात आणि मांड घसरते. पावसात भिजलेला बूट चुलीशी किंवा उन्हात ठेवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, दर काही तासांनी बदलत, सावलीत वाळवावा. उभा ठेवताना घोटा मोडू नये म्हणून आत प्लंबरकडचा प्लास्टिक पाइपचा तुकडा किंवा गुंडाळलेली जुनी मासिके चालतात.

एवढे करूनही काही वर्षांनी पंजा फाटतो आणि घोट्याच्या घड्यांना भेगा पडतात, तेव्हा तो बूट घोट्याच्या वर कापून मोच्याकडे द्यावा. पाठीमागे चिरून दोन बकला आणि तळव्याखालून जाणारा एक पट्टा लावला की पोटरीच्या आकाराला आधीच सरावलेल्या चामड्याचे हाफ चॅप्स तयार होतात.