शाळा उघडण्यापूर्वीची मशागत

मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास आपल्या आदिलाबादकडील काळ्या रानात एक निराळीच शांतता असते. नांगरट झालेली असते, ढेकळे फुटलेली असतात, वखराच्या पाळ्या देऊन झालेल्या असतात, गेल्या सालच्या पऱ्हाट्या वेचून बांधावर रचलेल्या असतात. सरकीची पिशवी अजून घरातच असते. परंतु शेतकऱ्याचे निम्मे काम झालेले असते. पाऊस पडल्यानंतर नांगर शोधावयास निघणाऱ्या शेतकऱ्याला कोणीही शहाणा म्हणणार नाही.

याच दिवसांत, १२ जूनच्या आसपास, तेलंगणातील शाळा उघडतात. पैनगंगेपलीकडे विदर्भात उन्हाच्या कडाक्यामुळे त्या महिनाअखेरीस उघडतात. एप्रिलच्या शेवटापासून सुमारे सात आठवडे बंद असलेल्या खोलीचे कुलूप शिक्षक काढतो, तेव्हा त्याच्यापुढे पुष्कळ कामे उभी असतात. कौले गळतात काय, कपाटातील पुस्तकांना वाळवी लागली आहे काय, अडगळीत विंचूकाट्याने घर केले आहे काय, पिण्याचे पाणी शुद्ध आहे काय, मध्यान्ह भोजनाचा तांदूळ कोरड्या जागी आहे काय, हे त्याने पाहिलेच पाहिजे. फळ्याला काळा रंग द्यावयास हवा. हजेरीपट आखावयास हवा. हे काम दोनतीन दिवसांचे आहे आणि बहुतेक शिक्षक ते नेटाने करतात. परंतु ही झाली खोलीची तयारी. त्या खोलीत येऊन बसणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपण कोणती तयारी केली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो मीही विचारला नव्हता, आणि त्याची किंमत एका लहान मुलाला द्यावी लागली. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे लिहिणे मला योग्य वाटत नाही.

एका मुलाची तहान

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी सीमेवरील एका गावच्या शाळेत वर्षभर शिकवीत होतो. पहिलीच्या वर्गात जवळच्या कोलामगुड्यातील सहा वर्षांचा एक मुलगा होता. वर्ग चालू असताना तो मधूनच उठे, माझ्याकडे पाहून एक अक्षर पुटपुटे आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर जाई. हा उर्मटपणा आहे, असे मी धरून चाललो. दोनदा रागावलो, तिसऱ्यांदा त्याला सर्वांसमक्ष दाराशी उभे केले. तो रडला नाही. खाली मान घालून उभा राहिला. पोळ्याच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही.

पुढे काही कामानिमित्त मी त्या गुड्यावर गेलो. तोच मुलगा चारपाच पोरांना जमवून झाडावरच्या कोणत्याशा पाखराविषयी तावातावाने काही सांगत होता. शाळेत ज्याच्या तोंडून मी एक पुरे वाक्य ऐकले नव्हते, त्याची जीभ तेथे झऱ्यासारखी वाहत होती. त्याच्या आजीने शेजारणीकरवी मला सांगितले, “गुरुजी, पोरगं तुम्हाला ईर मागत होतं.” कोलामी भाषेत ईर म्हणजे पाणी. मूल तहानलेले होते, शिस्तीला धरून परवानगी मागत होते, आणि मी त्याला उर्मट ठरविले होते. मी पुष्कळ विनवणी केली. परंतु तो पुन्हा शाळेत आला नाही. एका शब्दाची तयारी माझ्याजवळ असती, तर कदाचित त्याचे आयुष्य निराळ्या वाटेने गेले असते.

मार्लवाईचा धडा

विशेष म्हणजे, हा धडा आपल्याच भागात माझ्या जन्मापूर्वी कितीतरी वर्षे आधी शिकविला गेला होता. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम व त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याच्या संदर्भात हैदराबाद सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. ते आपल्या पत्नीसह मार्लवाई या गोंडांच्या खेड्यात येऊन राहिले. हे खेडे आज कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या जैनूर मंडलात आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्यांतील हा एक होय. गोंडांच्या जमिनी हातच्या जात होत्या, आणि कागदावर काय लिहिले आहे हे वाचता न येणे हे त्याचे एक मोठे कारण होते, हे हायमेनडॉर्फ यांच्या ध्यानी आले.

शाळा काढावयाच्या, तर शिक्षक कोठून आणावयाचे? शहरातून शिकलेला मनुष्य आणला, तर त्याला गोंडी येत नव्हती. आणि गोंडी येणाऱ्यांत शिकलेले जवळजवळ कोणीच नव्हते. तेव्हा ज्या मोजक्या गोंडांना मराठी जेमतेम लिहिता-वाचता येत होती, त्यांनाच निवडून १९४३ मध्ये मार्लवाई येथे शिक्षक होण्याचे शिक्षण देण्यात येऊ लागले. गोंडी भाषेत अंकलिप्या व वाचनपाठ तयार झाले, आणि त्यांसाठी लिपी घेतली ती आपली देवनागरी. कारण त्या होतकरू शिक्षकांच्या ओळखीची लिपी तीच होती. आपल्या मराठी अक्षरांनी शेजाऱ्याच्या लेकरांना त्यांच्याच भाषेत वाचावयास शिकविले, ही गोष्ट आपण मराठी मंडळींनी अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी आहे.

पुढे राज्यरचना बदलली. १९५६ मध्ये भाषावार प्रांत झाले, जुन्या आदिलाबादचे किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला आणि ती गोंडी पुस्तके मागे पडली. परंतु विचार मेला नाही. २००४ च्या सुमारास आंध्र प्रदेश सरकारने आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. त्यांत गोंडी, कोलामी व बंजारा या आपल्याकडील भाषा होत्या. लिपी या वेळी तेलुगू होती. पहिली पायरी मुलाच्या घरच्या भाषेची असावी, हेच तत्त्व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आले आहे. आपल्या धर्मबंधूंना हे नवे वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. येथील लोकांची भाषा त्यांनी वर्षानुवर्षे परिश्रमाने आत्मसात केली, आणि तेव्हाच १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापून निघाले. ज्याला शिकवावयाचे आहे त्याने आधी शिकले पाहिजे, हाच याचा अर्थ.

बारा जूनच्या आधी

शिक्षकाने हे प्रत्यक्षात कसे करावे? जूनच्या आरंभी तेलंगणातील शासकीय शिक्षक ‘बडी बाट’ या कार्यक्रमासाठी गावोगाव फिरतात. तेलुगूत बडी म्हणजे शाळा आणि बाट म्हणजे आपली वाट. मुलांची नावे दाखल करून घेणे हा तिचा हेतू. परंतु दारापर्यंत गेलेल्या शिक्षकाने नाव व जन्मतारीख एवढेच लिहून परतू नये. घरात कोणती भाषा बोलतात? आईबाप रानात गेल्यावर मुलाला कोण सांभाळते? शाळेच्या वाटेत ओढा आहे काय, आणि तो पावसात किती दिवस अडवितो? मुलाला नीट दिसते व ऐकू येते काय? कोणत्या गोष्टीची त्याला भीती वाटते? प्रत्येक मुलामागे वहीचे एक पान खर्ची घालावे. कोणत्या वावरात पाणी साचते आणि कोठे मुरूम लागतो हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तितके तरी शिक्षकाला आपल्या वर्गाविषयी ठाऊक असावे.

दुसरे काम शब्दांचे. वर्गात ज्या ज्या भाषांची मुले येणार, त्या प्रत्येक भाषेतील पन्नास शब्द शिक्षकाने शाळा उघडण्यापूर्वी शिकावेत: पाणी, भूक, पोट दुखणे, बाहेर जाणे, आई, घर, ये, बस, भिऊ नकोस. गुड्यावरची एखादी आजी किंवा शाळेतील थोरली मुलगी हे शब्द आनंदाने शिकवील. आपल्या वर्गातील एका माठाला किती नावे असतात पाहा. मराठीत व लमाणी बोलीत पाणी, उर्दूत पानी, तेलुगूत नीळ्ळु किंवा नीरु, गोंडीत येर, कोलामीत ईर. आपल्या पोथ्यांतील नीर हा शब्द तेलुगूच्या नीरुशेजारीच उभा आहे! ही नावे माठावर चिठ्ठी लावून लिहिली, तर पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला वर्गात आपले काहीतरी सापडेल.

आपल्या मराठी मुलांचा प्रश्नही ध्यानात घ्यावयास हवा. जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. परंतु २०१८ च्या कायद्याने तेलंगणात पहिलीपासून दहावीपर्यंत तेलुगू शिकणे आवश्यक झाले आहे, आणि पुष्कळ मराठी मुले तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात जातात. तेलुगू शिकविणाऱ्याने अशा मुलाला कोऱ्या पाटीचे समजू नये. वर्णमालेचा क्रम दोन्ही भाषांत एकच आहे. आपली बाराखडी तीच त्यांची गुणिंतम. ळ आपल्याकडे आहे, त्यांच्याकडेही आहे. चाक आणि चार या शब्दांतील च आपण निरनिराळे उच्चारतो, तसे दोन च तेलुगूतही आहेत. नवे आहे ते एवढेच, की तेथे ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकार होतात. जे येते त्यावरून जे येत नाही तिकडे नेणारा शिक्षक मुलाचे अर्धे ओझे उतरवितो.

तिसरे काम साधनांचे. महागडे तक्ते नसले म्हणून अडत नाही. ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरमध्ये, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतूनच शिकविण्याची साधने झाली. आपल्याकडे चिंचोके आहेत, बांबूच्या काड्या आहेत, मोहाची पाने आहेत. मे महिन्यात शंभर चिंचोके धुऊन वाळवून डब्यात भरून ठेवणाऱ्या शिक्षकाची गणिताची तयारी झालीच म्हणून समजा.

चौथे काम वेळेचे. लहान गावांत एकच शिक्षक दोन, तीन, क्वचित पाचही इयत्ता सांभाळतो. अशा शिक्षकाने पहिल्या पंधरवड्याचा प्रत्येक तास आधी लिहून ठेवावा: एका इयत्तेशी तो बोलत असता दुसरी काय लिहील, तिसरी कोणाकडून वाचून घेईल, थोरली मुले धाकट्यांना केव्हा मदत करतील. पहिलीच्या मुलांना या पंधरवड्यात पुस्तकाची घाई करू नये. गाणी, गोष्टी, मोजणी आणि बोलणे एवढे पुरे. वरच्या वर्गांत मागील वर्षातील काय राहिले व काय विसरले, हे हसतखेळत पडताळून पाहावे. त्यावरून कोणाला मंद, कोणाला हुशार असे शिक्के मारू नयेत. छडी तर दाराबाहेरच ठेवावी. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. दाराशी उभे राहिलेल्या त्या मुलाचा चेहरा आठवला, म्हणजे ही मनाई किती उचित आहे हे मला पटते.

पालकांस दोन शब्द

ही सारी मशागत एकट्या शिक्षकाने करावयाची नाही. शाळा उघडते आणि पेरणीची गडबड सुरू होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या आठवड्यात थोरल्या मुलीला धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी ठेवण्याचा मोह होतो. पहिल्या दिवसांत बुडालेली शाळा नंतर भरून काढणे त्या मुलीस फार जड जाते; म्हणून शेजारच्या आजीची, बहिणीची मदत आधीच ठरवून ठेवावी. शिक्षक दारी आले तर त्यांना बसावयास द्यावे, आणि आपल्या मुलाविषयी जे खरे ते संकोच न करता सांगावे. “थांब, गुरुजींना सांगते, मग बघ!” अशी भीती तर मुलाला कधीही घालू नये. ज्या माणसाचे भय घरीच मनात भरविले, त्याच्यापाशी मूल पाणी तरी कसे मागेल?

मार्लवाईस आजही हायमेनडॉर्फ दांपत्याचे स्मारक आहे. परक्या देशातून आलेली ही दोन माणसे त्या लोकांची एवढी आप्त झाली, याचे कारण शोधावयास फार दूर जावयास नको. शिकविण्यापूर्वी त्यांनी ऐकले. आपल्या शाळांतील गुरुजी व बाई यांनी या जूनमध्ये वर्गाचे कुलूप काढण्यापूर्वी एकदा गुड्यावर, तांड्यावर, गल्लीत जाऊन यावे, तेथे थोडा वेळ बसावे आणि पाण्याला तेथे काय म्हणतात एवढे विचारून घ्यावे. बाकीची तयारी तेथूनच सुरू होईल.