साठीनंतरचा अभ्यास आणि आठवड्याचा हिशेब

गेल्या काही वर्षांत माझ्या चेंबूरच्या दवाखान्यात एक नवाच रुग्णवर्ग दिसू लागला आहे. वय ६५ ते ७५, हातात रक्तदाबाची वही आणि पिशवीत मुक्त विद्यापीठाची पुस्तके. कोणी खतांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणी भाभा अणुसंशोधन केंद्रातून, कोणी महापालिकेच्या शाळेतून. संसाराच्या धबडग्यात राहून गेलेले शिक्षण त्यांना आता पुरे करावयाचे असते. इग्नूची स्थापना १९८५ सालची, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची १९८९ची. प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नसल्यामुळे दार उघडेच असते. अडचण आत शिरल्यावर सुरू होते, आणि ती बुद्धीची क्वचितच असते.

अशाच एका निवृत्त शिक्षिकेची ही हकीकत, त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. आमच्या भागात सारे त्यांना 'बाई' म्हणतात, मीही. वय ६८. यजमानांना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू अजून अधू आहे. बाईंनी इतिहासाच्या एम.ए.साठी नाव घातले, तेव्हा त्या मोठ्या उत्साहाने मला सांगावयास आल्या होत्या. मी म्हटले, "बाई, आता कशाला हा व्याप? आधी स्वतःची प्रकृती पाहा." डॉक्टरांच्या तोंडी शोभणारे हे वाक्य होते, आज ते आठवले की संकोच वाटतो. कारण त्यानंतर बाई तीन महिने दवाखान्यात फिरकल्याच नाहीत.

आल्या त्या घेरी येते म्हणून. पहाटे न्हाणीघरात तोल जाऊन त्या दाराला धरून कशाबशा सावरल्या होत्या. खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. सकाळी घ्यावयाची लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी त्यांनी आपल्याच मनाने रात्रीवर ढकलली होती, कारण सकाळचे वाचन चालू असताना पुन्हा पुन्हा उठावे लागे. रात्री यजमान झोपल्यावर दीड-दोन वाजेपर्यंत स्वाध्याय लिहिणे, जागे राहण्यासाठी दोनदा चहा, आणि झोप लागते न लागते तोच गोळीमुळे उठणे. त्या पडल्या असत्या, खुबा मोडला असता, तर त्या घरात दोघांनाही उठवून बसवणारे कोणी उरले नसते. मी अभ्यास सोडा म्हणालो होतो, म्हणून त्यांनी अभ्यास सोडला नाही. फक्त मला सांगणे सोडले.

त्या दिवशी गोळीची वेळ पूर्ववत केली. मग कोरा कागद काढून मी विचारले, "बाई, या सत्राचा हिशेब तरी मांडला आहे का?" शाळेत तीस वर्षे वेळापत्रके लावणाऱ्या बाई गप्प राहिल्या. स्वतःचे वेळापत्रक त्यांनी लावलेच नव्हते.

हिशेब फार अवघड नाही. मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक, म्हणजे ज्याला आपण क्रेडिट म्हणतो तो, साधारण ३० तासांच्या अभ्यासाचा धरतात. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. त्यांत वाचन, स्वाध्याय, संपर्क सत्रे सारे आले. असे चार विषय एका सत्रात घेतले की ४८० तास झाले. जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत जेमतेम २० आठवडे मिळतात. याचा अर्थ आठवड्याला २४ तास, रोजचे जवळजवळ साडेतीन. तरुण, मोकळ्या माणसालाही हे सोपे नाही. बाईंना मी एक आठवडा फक्त नोंद ठेवावयास सांगितली: कोणत्या वेळी आपण खरोखर मोकळ्या आणि ताज्या असतो. उत्तर आले १४ तास. तेही यजमानांच्या व्यायामाला येणारा मुलगा वेळेवर आला तर.

मग २० आठवड्यांतून गणपतीचा एक आणि दिवाळीचा एक वगळला. दोन आठवडे तपासण्या, ताप, पाहुणे, अचानकचे सारे काही यांसाठी ठेवले. उरले १६. सोळा चोक चौसष्ट करीत बाईंनीच २२४ आकडा काढला. दोन विषयांना २४० तास लागतात. सोळा तासांची तूट बाईंनी "इतिहास मी शिकवलेला आहे" असे म्हणून एका फटक्यात भरून काढली, आणि त्या सत्राच्या परीक्षेला दोनच विषय घ्यावयाचे ठरले. दोन वर्षांचा एम.ए. अभ्यासक्रम पुरा करण्यास विद्यापीठ अधिक वर्षे देते, हे माहितीपुस्तकात छापलेले असते. ज्येष्ठांनी ते पान सर्वांत आधी वाचावे. सवलत वापरण्यात कमीपणा कसला?

आठवड्याची मांडणी करताना आम्ही उलट्या बाजूने निघालो. आधी न हलणाऱ्या गोष्टी: यजमानांचे स्नान, औषधे, व्यायाम, बाईंची दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, रात्री साडेदहाची झोप. नंतर जड वाचन सकाळी न्याहारीनंतर, डोके ताजे असताना. दुपारी केवळ हलकी कामे: टिपणे लावणे, तारखा तपासणे. गुरुवारची सकाळ मुद्दाम रिकामी. आठवड्यात जे बिघडेल ते तेथे दुरुस्त व्हावे. रविवारच्या संपर्क सत्राला जावयाचे तर हार्बर मार्गाचा मेगाब्लॉक आधी पाहणे, आणि जुलैत कुर्ल्याला पाणी भरले असेल तर न जाणे. एक सत्र बुडाले म्हणून पदवी बुडत नाही.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या स्त्रिया तेथे पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवतात. त्या शाळेतील मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिची वेळ: घरची आणि शेताची कामे आटोपल्यावर दुपारचे दोन तास. शाळा आज्यांच्या दिवसात बसवली गेली. आपल्या घरांत नेमके याच्या उलट होते. अभ्यास झोपेतून कापून घेतला जातो.

झोप कापण्याचा तोटा दुहेरी आहे. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेतच होते, त्यामुळे जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही आणि माणूस म्हणतो, "आता स्मरणच राहिले नाही." वयानुसार आठवण्याचा वेग मंदावतो हे खरे. शब्दसंपत्ती, जाण आणि अनुभवाने आलेली संगती मात्र दीर्घकाळ टिकते. विसर फारच जाणवत असेल तर वयावर ढकलण्यापूर्वी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे, झोपेच्या व सर्दीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवावे. त्यांतील काही स्मरणावर मळभ आणतात. कानाला कमी ऐकू येत असेल तर संपर्क सत्रातले अर्धे निसटते आणि दोष स्मरणशक्तीच्या माथी येतो.

वाचनाची रीतही बदलावी लागते. एकच प्रकरण चारदा वाचण्याची आपल्या पिढीला सवय. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहिले. प्रयोग तरुणांवरचा होता, तरी बाईंना मी हेच सुचवले: शनिवारी अर्धा तास, पुस्तक बंद, त्या आठवड्यातले आठवेल तेवढे लिहिणे. हे लिहिणे हातानेच करावे. परीक्षा तीन तासांची असते, आणि दहा वर्षे धनादेशावरच्या सहीपलीकडे न लिहिलेला हात पहिल्या तासातच आखडतो. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर जाड पकडीचे पेन घ्यावे, रोज वीस मिनिटांपासून सवय वाढवावी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना लेखनिक मिळू शकतो, पण त्याचा अर्ज परीक्षेपूर्वी पुरेसा आधी करावा लागतो.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट विसरू नये. पहाटे गोळी घेऊन वाचनात रमले आणि न्याहारी लांबली, तर साखर उतरते. हात थरथरतात, घाम येतो, ओळी धूसर दिसतात. न्याहारी आधी, ग्रंथ नंतर. पाऊण तासाने उठून घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात, नाही तर पाय सुजतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावयाची असेल तर ती सत्राच्या अधेमधे नको; नवा चष्मा ठरण्यास साधारण महिना-दीड महिना जातो, तेवढे आठवडे हिशेबातून आधीच वजा करावेत.

एकदम पदवीला हात घालण्याचे धाडस होत नसेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत. शिकणे विनामूल्य, शुल्क फक्त परीक्षेचे. आपला आठवडा किती पेलतो हे चार आठवड्यांत कळते.

आता घरच्यांविषयी. कौतुक करणारी मुले पुष्कळ दिसतात. आईचा पुस्तकासह फोटो लगेच सगळीकडे जातो. बाईंच्या ठाण्याच्या मुलाला मी बोलावून घेतले आणि विचारले, "कौतुक राहू द्या, मंगळवारची आणि शनिवारची सकाळ देता का?" तो जरा वरमला. मंगळवारी कचेरी असते म्हणाला, पण शनिवारी येऊ लागला. त्या सकाळी वडिलांचे सारे तो पाहतो. शुश्रूषा करणाऱ्याला मिळालेली अशी एक निश्चित, न मोडणारी सकाळ चार अनिश्चित दुपारांहून मोलाची असते. एक गोष्ट अनपेक्षित घडली: यजमान बाईंना प्रश्न विचारू लागले. त्यांचे बोलणे अजून अडखळते, पण पुस्तकातला प्रश्न हळूहळू वाचून दाखवताना त्यांचा सराव आपोआप होतो. हे माझ्या योजनेत नव्हते.

महामहोपाध्याय पां. वा. काणे याच मुंबईत वकिली करीत धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या संपादनाला प्रस्तावना म्हणून जे सुचले, त्याचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि अखेरचा १९६२ साली, त्यांच्या वयाच्या ८२व्या वर्षी. हे उदाहरण मी बाईंना दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करीत होते?" मला उत्तर देता आले नाही.

डिसेंबरमध्ये बाई दोन्ही विषयांना बसल्या. एकात बरे गुण पडले, दुसऱ्यात काठावर. जानेवारीत त्या नव्या सत्राचा कागद घेऊन आल्या. या वेळी गुरुवारबरोबर महिन्यातला एक संपूर्ण आठवडाही कोरा होता. आणि खाली, रक्तदाबाच्या गोळीसमोर, लाल शाईने 'सकाळी' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.