वाळणे वेगळे, पक्के होणे वेगळे

घराचा स्लॅब टाकला की त्यावर कित्येक दिवस पाणी मारतात. काँक्रीट नुसते वाळून कडक होत असते, तर हा खटाटोप कशाला? सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होते. गवंडी याला क्युअरिंग म्हणतात. पॉलिमरच्या लेपांबाबतही हाच शब्द वापरतात. तेथेही लेप नुसता वाळून भागत नाही. तो रासायनिक बदलाने पक्का व्हावा लागतो. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटाच्या उदाहरणावरून हा फरक आपण समजून घेऊ.

इंधनघटात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज आणि पाणी मिळते. चालू घटाचा विद्युतदाब जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट असतो. म्हणून अनेक घट एकसर जोडतात. शेजारच्या दोन घटांमधील पट्टी वायूंना वेगळे ठेवते आणि वीज पुढे नेते. ग्राफाइटची पट्टी ठिसूळ, म्हणून जाड करावी लागते. स्टेनलेस स्टीलचा ०.१ मिलिमीटर जाडीचा पत्राही पुरतो. पण घटात सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमान, दमटपणा आणि आम्लता असते. पोलादातून सुटलेले लोहाचे आयन घटाच्या पातळ पटलात शिरून प्रोटॉनची वाट अडवतात आणि पटल झिजवणाऱ्या रासायनिक क्रियांना वेग देतात. एकसर जोडणीत एक घट बिघडला तरी साऱ्या संचाला फटका बसतो.

म्हणून पट्टीला लेप देतात. या लेपाने आम्ल अडवायचे, पण वीज जाऊ द्यायची! पॉलिमर विद्युतरोधक असल्याने त्यात ग्राफाइट किंवा काजळीचे कण मिसळतात. कण एकमेकांना टेकले तरच वीज वाहते.

येथे क्युअरिंगचे महत्त्व कळते. एपॉक्सी राळ व तिचा हार्डनर तापवले की रेणूंमध्ये आडवे बंध तयार होऊन जाळे विणले जाते. त्या वेळी लेप आकसतो आणि कण एकमेकांवर दाबले जातात. जाळे अपुरे राहिले, तर पाणी आत शिरते, लेप फुगतो आणि कण दुरावतात. म्हणजे संरक्षण व वहन दोन्ही बिघडतात. उलट, प्रमाणाबाहेर तापवल्यास लेप ठिसूळ होऊन तडकतो.

तापमान कमी ठेवून वेळ वाढवला तर चालेल का? नेहमी नाही. जाळे घट्ट होऊ लागले की रेणूंची हालचाल मंदावते आणि क्रिया अर्धवट असतानाच जवळजवळ थांबते. सुरुवातीलाच एकदम तापवले, तर द्रावकाची वाफ लेपात बारीक छिद्रे पाडते. म्हणून तापमान टप्प्याटप्प्याने वाढवतात. तेही भट्टीतील हवेचे नव्हे, पट्टीचे मोजायचे. अतिनील किरणांनी क्युअरिंग करणे येथे अवघड, कारण काजळी ते किरण वरच्या थरातच शोषून घेते.

लेप पक्का झाला की नाही, हे बोट लावून कळत नाही. द्रावकात भिजवलेल्या फडक्याने तो घासून पाहतात. जाळे पूर्ण झालेला लेप विरघळत नाही. नुसता वाळलेला फडक्यावर उतरतो.

विद्यार्थ्यांना विचारावे : भिंतीचा चुना, सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन, दोन नळ्यांतील एपॉक्सी गोंद यांपैकी कोण नुसते वाळते आणि कोण पक्के होते?