सोळाव्या दिवसापासूनचा खर्च

सोयाबीनच्या सोंगणीची धामधूम चालू असताना आमच्या शिरपुरातील एका बहात्तर वर्षांच्या शेतकऱ्याला लकवा मारला. उजवा हात व पाय गेला, वाणी अडखळू लागली. शहरातील रुग्णालयात अकरा दिवस उपचार झाले आणि आबा घरी आले. त्या संध्याकाळी थोरला मुलगा सुटकेच्या स्वरात म्हणाला, “कार्डावर सगळं झालं साहेब. आता खर्च संपला नं?”

त्याची समजूत चुकीची होती. पण ती इतक्या कुटुंबांत आढळते की त्याला दोष देववत नाही. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत आणले गेले. घरातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. परंतु ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. सुटी मिळाल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधे व तपासण्या त्यात धरलेल्या असतात. सोळाव्या दिवसापासून पुढे, मग ते सहा महिने असोत वा दहा वर्षे, सारा भार घरावर असतो. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये केवळ दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र विमा व्यवस्था उभी केली. आपल्याकडे ती जागा अजून कुटुंबच भरून काढते.

म्हणून मी त्या कुटुंबाला दोनशे पानी वही आणावयास सांगितली.

खर्चाचा अंदाज रोगाच्या नावावरून बांधता येत नाही. लकवा झालेला एक रुग्ण तीन महिन्यांत काठी टेकत देवळापर्यंत जातो, तर दुसरा कूससुद्धा बदलू शकत नाही. अमेरिकन वैद्य सिडनी काट्झ यांनी १९६३ मध्ये एक साधी पद्धत मांडली, ती आजही उपयोगी पडते. सहा गोष्टी पाहावयाच्या : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी जितक्या गोष्टींना दुसऱ्याचा हात लागेल, तितके माणसाचे तास वाढतात, आणि शुश्रूषेत सर्वांत महाग वस्तू म्हणजे हे तासच. आमचे आबा डाव्या हाताने जेवत होते. उरलेल्या पाचही गोष्टींना मदत लागत होती.

वहीच्या पहिल्या पानावर एकदाच होणारा खर्च उतरला. वापरलेला हॉस्पिटलचा पलंग ९,००० रुपये, हवेची गादी ३,५००, चाकाची खुर्ची ६,५००, कमोडची खुर्ची २,०००, संडासाचे दार रुंद करून भिंतीला दांडे बसविण्याचे ४,०००. एकूण २५,०००. दुसऱ्या पानावर महिन्याचा खर्च : औषधे १,८००, दिवसाला तीन याप्रमाणे डायपर ३,१५०, बारा वेळा फिजिओथेरपी ३,६००, अंथरावयाचे शीट व हातमोजे ७००, अधिकचे दूध-अंडी-कडधान्य १,५००, तपासण्या आणि गाडीभाडे १,२५०. बेरीज बरोबर १२,०००. हे एका घराचे आकडे आहेत; आपल्या गावात दर निराळे असतील, परंतु रकाने हेच राहतील.

पाच वर्षांचे ७ लाख २० हजार होतात, असे मुलाने लगेच सांगितले. त्यात भाववाढ धरलेली नव्हती. दरवर्षी सात टक्के वाढ गृहीत धरली तर तीच रक्कम सुमारे ८ लाख २८ हजारांवर जाते. दुसरीकडे, काही रकाने आटतातही. घरच्यांनी व्यायाम नीट शिकून घेतले की फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या कमी होतात. ज्यात काटकसर करू नये असे मात्र एक कलम आहे, ते म्हणजे हवेची गादी आणि दर दोन तासांनी कूस बदलणे. माकडहाडावर एकदा खोल जखम झाली की मलमपट्टी, प्रतिजैविके आणि पुन्हा रुग्णालय, असा फेरा सुरू होतो. गादीची किंमत त्यापुढे काहीच नाही.

वही पुरी झाली असे सर्वांना वाटले. मी विचारले, “रात्री कूस कोण बदलतं?” सगळ्यांनी सूनबाईंकडे पाहिले. त्या शिवणकाम करीत, महिन्याला चार हजारांच्या आसपास मिळत. मशीन आता झाकून ठेवले होते. वहीत त्यांचा एक रुपयाही नव्हता, एक तासही नव्हता. त्यांचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.२ निघाले. बारा तासांसाठी मदतनीस बाई ठेवली तर महिन्याला दहा हजार लागतील, अशी चौकशी झाली होती. म्हणजे त्या घराचा खरा मासिक खर्च २२,००० होता आणि त्यातले दहा हजार सूनबाई मुकाट्याने भरत होत्या. तिसरे पान मी स्वतः लिहिले. शिवणकामाचे बुडणारे चार हजार आबांच्या शेताच्या उत्पन्नातून त्यांच्या खात्यावर जमा करावयाचे, पुण्याच्या धाकट्या मुलाने दरमहा सात हजार पाठवावयाचे, आणि सकाळच्या चार तासांसाठी बाई लावावयाची. मुलांना पहिले कलम थोडे अवघड गेले. आबांनी डावा हात हलवून होकार दिला.

पैसे असूनही हाती न येणे, हा निराळाच प्रसंग. आबांची ठेव त्यांच्या एकट्याच्या नावे होती. वारसाचे नामनिर्देशन केलेले असले तरी ते मृत्यूनंतर उपयोगी पडते, आजारपणात नव्हे. हातपाय धड असतानाच खाते संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ अशी सूचना बँकेत नोंदवावी. मात्र शेत मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून मोकळे होण्याची घाई करू नये. करावयाचेच असेल तर सांभाळाची अट दस्तातच लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ अशा वेळी आधार देते. त्याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो.

शासकीय मदत आहे, पण तिचा आकार ओळखून असावे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तरच मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढील व्यक्तीला, कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असल्यास, साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. कमोडची खुर्ची आणि काठी त्यात बसते. कायमचे अपंगत्व राहिल्यास दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. अडचणीत १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

परवा रक्तदाब पाहावयास गेलो, तेव्हा वही पलंगाच्या उशाशी होती. फिजिओथेरपीचा रकाना ३,६०० वरून १,२०० वर आला होता. चौथ्या पानावर धाकट्याच्या अक्षरात एक ओळ होती : दिवाळीचे पंधरा दिवस मी व माझी पत्नी आबांजवळ, वहिनी माहेरी. सूनबाईंचे हिमोग्लोबिन आता १०.४ आहे. लोहाच्या गोळ्या अजून तीन महिने चालू ठेवावयास सांगितले आहे.