सायकलवरून उतरायचे कधी?

वाचकहो, मुंबईला डबे पोचवणारा एखादा गृहस्थ तुमच्या नात्यागोत्यात असेलच. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या बाजूची तर कितीतरी घरे या धंद्यात आहेत. चैत्रात गावच्या जत्रेसाठी डबेवाले पाच-सहा दिवस काम बंद ठेवतात, तेव्हा तो घरी येतो. पालखीला खांदा देतो, पाव्हण्यांना भेटतो. पण पंगतीतून उठताना गुडघ्यावर हात टेकून उठतो. घरातली माणसे ते पाहतात आणि कोणी काही बोलत नाही. न बोलल्या जाणाऱ्या त्याच गोष्टीविषयी आज बोलू या.

आधी त्याचा दिवस कसा जातो ते पाहा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही मुंबईची उपनगरे. सकाळी नऊच्या सुमारास तो तिथल्या घराघरांतून डबे गोळा करू लागतो. दोन-तीन जिने चढायचे, डबा घ्यायचा, उतरायचे, सायकलला अडकवायचा, पुढच्या इमारतीला जायचे. बारा वाजेपर्यंत उसंत नाही. हँडलला दोन्हीकडून डबे, मागे कॅरियरवर डबे, आणि रस्ता अंधेरी-कुर्ला रोडसारखा, जिथे बस, रिक्षा आणि माणसे एकाच वेळी अंगावर येतात. स्टेशनावर डबे खुणांप्रमाणे वेगळे करायचे. मग चाळीसेक डब्यांची लांब लाकडी पाटी डोक्यावर घेऊन लोकलच्या डब्यात शिरायचे. भरलेल्या पाटीचे वजन साठ किलोच्या पुढे जाते. तुमच्याकडे धान्याचे पोते पाठीवर घेतात, ते खळ्यापासून घरापर्यंत. हा ओझे घेऊन चालत्या गर्दीतून वाट काढतो. दुपारी पुन्हा तेच, उलट दिशेने.

हे काम महादू हावजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास सुरू केले, असे डबेवाले मोठ्या आदराने सांगतात. 1956 साली त्यांचा ट्रस्ट नोंदला गेला. इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स 2003 साली चर्चगेटला त्यांना भेटून गेले, हार्वर्डच्या विद्यापीठाने त्यांच्या कामाचा अभ्यास केला. कौतुकाला काही कमी नाही. कमी आहे ती एकाच गोष्टीची. या धंद्यात निवृत्तीचे वय नाही, आणि पेन्शनही नाही. पाय चालतात तोवर चालायचे.

पायडलवर पोट भरणारी आणखी एक जात जगात आहे, ती म्हणजे शर्यतीचे धंदेवाईक सायकलपटू. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यत तुम्ही ऐकली असेल. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला त्यात ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्समध्ये ‘टूर द फ्रान्स’ नावाची शर्यत होते, ती तीन आठवडे चालते आणि साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास भरते. बोरघाटासारखे, नव्हे त्याहून कितीतरी मोठे घाट त्यात लागतात. या माणसांपुढेही एक दिवस तोच प्रश्न येतो. तो त्यांनी कसा सोडवला, हे कळण्यासारखे आहे.

इटलीचा फाउस्टो कॉप्पी तर अगदी तुमच्या घरातला वाटावा. शेतकऱ्याचा मुलगा. तेराव्या वर्षी शाळा सोडून तालुक्यासारख्या गावी मटणाच्या दुकानात लागला. दुकानातला माल सायकलवर गिऱ्हाइकांकडे पोचवायचा, हे त्याचे काम. त्यातून जे पाय तयार झाले, त्यांनी 1949 आणि 1952 साली फ्रान्सची ती शर्यत जिंकली. पण थांबणे त्याला जमले नाही. वय चाळिशीला आले, जिंकणे केव्हाच सरले, तरी तो शर्यतीत उतरत राहिला. 1959 च्या डिसेंबरात आफ्रिकेत अप्पर व्होल्टा देशात एका शर्यतीसाठी आणि शिकारीसाठी गेला. तिथे हिवताप जडला आणि 2 जानेवारी 1960 ला तो गेला. मरण सायकलने आणले असे कोणी म्हणणार नाही. पण तो गेला तेव्हाही त्याने सायकल सोडलेली नव्हती.

बेल्जियमचा एडी मर्क्स हा सर्वांत थोर मानला जातो. फ्रान्सची शर्यत त्याने पाच वेळा जिंकली. 1975 साली गालाचे हाड मोडले तरी तो शर्यतीतून उठला नाही, दुसरा आला. लोकांनी वाहवा केली. मला त्या वाहवेची थोडी भीतीच वाटते, कारण त्यानंतर ती शर्यत त्याला पुन्हा कधी जिंकता आली नाही. 1977 साली तो सहावा आला, आणि मे 1978 मध्ये, तेहतिसावे वर्ष पुरे होण्याआधी, त्याने निवृत्ती जाहीर केली. दोन वर्षांनी स्वतःचा सायकलींचा कारखाना काढला.

याच्या उलट फ्रान्सचा रेमों पुलिदोर. हाही शेतकऱ्याचा मुलगा. चाळिसाव्या वर्षी, 1976 साली, तो त्या शर्यतीत तिसरा आला आणि पुढच्या वर्षी थांबला. तेव्हा वयाचा आकडा एकच नसतो हे ध्यानात घ्या. माणसाचा वेग आधी जातो, दम नंतर जातो. म्हणून झटक्याने पळणारे बहुधा लवकर थांबतात आणि दमसास असलेले जास्त टिकतात.

पण आपल्या कामाचा माणूस आहे बर्नार्ड इनो. वडील रेल्वेच्या रुळांवर काम करणारे. पाच वेळा त्याने ती शर्यत जिंकली. 1983 साली गुडघा दुखावला, त्या वर्षीची शर्यत हुकली, शस्त्रक्रिया झाली. लोक म्हणाले, संपला. 1985 साली तो पुन्हा जिंकला. मात्र बत्तिसाव्या वर्षी थांबणार, हे त्याने आधीच सांगून ठेवले होते. 1986 साली तो दुसरा आला. अंगात जोर होता, पैसे देणारेही होते. तरी नोव्हेंबरात, बत्तिसावा वाढदिवस आला तेव्हा, तो थांबला आणि ब्रिटनी प्रांतातल्या आपल्या शेतावर गेला. तिथे दुभत्या गाई पाळल्या, धारा काढल्या. पुढे अनेक वर्षे शर्यतीच्या दिवसांत विजेत्यांच्या स्वागताला जायचा आणि परत गोठ्यात यायचा.

त्याचे जमले, कारण थांबायचा दिवस त्याने पाय चांगले असतानाच ठरवला होता आणि पुढे काय करायचे तेही ठरलेले होते. आपल्या देशातल्या शर्यतवाल्यांना निराळी सोय आहे. बरेच जण खेळाच्या जोरावर रेल्वेत किंवा सैन्यात नोकरी मिळवतात, त्यामुळे शर्यत संपली तरी पगार चालू राहतो. डबेवाल्याला यातले काहीच नाही. त्याच्याकडे आहे ती त्याची लाईन, म्हणजे बांधलेली गिऱ्हाइके, आणि गावाकडची जमीन.

ही लाईन म्हणजे जमिनीच्या तुकड्यासारखीच. थांबताना ती मुलाला, पुतण्याला किंवा गावाकडच्या होतकरू पोराला द्यायची, अशी रीत. पण दरवर्षी तिची किंमत सारखी नसते. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, लोकल बंद पडल्या, कचेऱ्या ओस पडल्या. डबेवाले गावी आले. कोणी भाजी लावली, कोणी मजुरी केली. पुढे लोकल सुरू झाल्या तरी गिऱ्हाइके पूर्वीइतकी राहिली नाहीत, आणि कितीतरी जण परत गेलेच नाहीत. त्यांना थांबायचा दिवस निवडता आला नाही, तो त्यांच्यावर येऊन पडला. ज्यांनी आधीच लाईन पोराच्या हाती दिली होती, त्यांच्या पोरांना तरी वेळेत दुसरी वाट धरता आली. काहींनी सायकल ठेवून मोटारसायकल घेतली. त्यात गुडघा वाचतो, पण पेट्रोल खिशातून जाते आणि जिने काही कमी होत नाहीत.

शरीराची खूण साधी आहे. श्रमाचे दुखणे विश्रांती घेतली की बहुधा उतरते. सकाळी उठल्यावरही गुडघा सुजलेला असेल, जिना उतरताना कळ येत असेल, तर तो नुसता थकवा नसेल, झीज असू शकते. तेल चोळून ती भरून येत नाही. अशा माणसाला हाडांच्या डॉक्टरकडे न्या, आणि त्याच वर्षी ओझे कमी करा. डोक्यावरची पाटी तरण्या गड्याकडे द्यावी आणि आपण घरोघरचे डबे गोळा करावेत, अशी वाटणी टोळीत बोलून होऊ शकते. मुकादमाशी घरच्यांनी नव्हे, त्याने स्वतः बोलावे, म्हणजे त्याचा मान राहतो. आणि गावी आल्यावर एकदम खाटेवर बसवू नका. तीस वर्षे पायडल मारलेल्याची भूक तशीच राहते, श्रम मात्र थांबतात, मग अंग सुटते आणि त्याच गुडघ्यावर भार येतो. गोठ्याचे, पाण्याच्या पाळीचे, चालण्याफिरण्याचे काम त्याच्याकडे राहू द्या.

पोरगा बारावी शिकून डबे न्यायला तयार नसेल, तर त्याच्यावर रागवण्यातही अर्थ नाही. पण त्याने नाही म्हटले हे बापाला वेळेत कळले पाहिजे, कारण मग लाईनसाठी दुसरा पोरगा शोधायला वर्ष-दोन वर्षे लागतात. जत्रेच्या त्या पाच-सहा दिवसांत पाव्हणे गेल्यावर एखादी दुपार मोकळी मिळते. तेव्हा विचारा. किती वर्षे अजून, लाईन कोणाची, जमिनीत पहिल्या वर्षी काय लावायचे. आणि त्याच्याकडे बहुधा दोन सायकली असतात. त्यातली एक गावी आणायची की नाही, तेही त्यालाच ठरवू द्या.