बाळासाठी शिवताय? आधी उलटी बाजू बघा

या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. भाग ऐकून बऱ्याच जणांनी मापं मागितली. लोकलमध्ये उभं राहून ऐकताना इंच कुठे लिहून घेणार, हे खरंच आहे. म्हणून सगळं मापांसकट इथे उतरवलंय. बोलता बोलता मी दोनदा विषय सोडून भरकटलो होतो, तेवढं गाळलंय.

सुरुवात माझ्या फजितीपासून करू.

ताईचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती आमच्याकडे आलेली. मी पहिल्यांदाच मामा होणार होतो. काहीतरी स्वतःच्या हाताने करायचं म्हणून व्हिडिओ बघून बाळासाठी हातमोजे शिवले. पिवळं सुती कापड, त्यावर लाल दोऱ्याची बदकं. फोटो टाकला तर लोकांना विकतचेच वाटले.

बाळ जेमतेम पंधरा दिवसांचं असेल. एका संध्याकाळी ते रडायचं थांबेना. दूध झालं, लंगोट बदलला, मांडीवर घेऊन झालं. शेवटी आईने अंगावरचं सगळं काढून बघितलं. मोज्याच्या आत बदकाचा एक सुटा दोरा होता. तो करंगळीला घट्ट गुंडाळला गेला होता आणि बोटाचं टोक लालजांभळं झालं होतं. ताईने हळूच दोरा सोडवला. थोड्या वेळाने रंग परत आला. तरी आम्ही लगेच डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, असं होतं. कधी दोरा असतो, कधी आईचा गळलेला केस. बोटाला नाहीतर पायाच्या अंगठ्याला गुंडाळला जातो आणि वेळेवर दिसला नाही तर तिथलं रक्त थांबतं.

घरी आल्यावर आजीने तो मोजा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाली, "अरे, बदक बाहेर आहे. बाळ आत आहे ना?"

आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे. बाळाचं शिवण उलट्या बाजूने बघायचं असतं. फोटोत दिसते ती सुलट बाजू, बाळाला लागते ती उलट. हे डोक्यात ठेवलं की कापड कोणतं, शिवण कशी, बटण लावायचं की नाही, यातले बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

कापड: जुनंच का?

अनेक घरांत बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. आजीच्या, आईच्या जुन्या सुती साड्यांची झबली आणि दुपटी करतात. मला आधी हा नुसता रिवाज वाटायचा. पण त्यामागे कापडाचं साधं गणित आहे. नव्या सुती कापडाला बहुतेक वेळा खळ असते, म्हणून ते दुकानात कडक आणि चकचकीत दिसतं. शेकडो वेळा धुतलेल्या साडीतली खळ कधीच गेलेली असते, सूत मऊ झालेलं असतं, सुटणारा रंग सुटून गेलेला असतो आणि आटायचं तेवढं कापड आटलेलं असतं. नवं कापड घेणार असाल तर कापण्याआधी दोन-तीनदा धुवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात झबलं आखूड होईल.

साडी निवडताना ती खिडकीसमोर उजेडात धरा. जिथे ठिपक्याठिपक्यांनी जास्त उजेड येतो तिथे सूत विरलंय, तो भाग सोडा. जरीचे काठ आणि फॉल काढून टाका. जर टोचते. पॉलिस्टर मिसळलेली साडीही नको, ती घाम टिपत नाही.

आता एक गोष्ट जरा लक्ष देऊन वाचा. साडी ट्रंकेत डांबर गोळ्या घालून ठेवलेली असेल तर ती बाळासाठी घेऊ नका. त्या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. हे मुलग्यांमध्ये जास्त दिसतं, आणि बऱ्याचदा घरात कुणाला माहीतही नसतं. अशा बाळाच्या शरीरात नॅफ्थलीन गेलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढू शकते. नुसत्या वासातूनही ते शरीरात जातं. त्यामुळे ती साडी मोठ्यांच्या गोधडीत वापरा. आणि बाळाचे शिवलेले कपडे ठेवताना त्यात डांबर गोळी टाकू नका.

एका साडीत काय काय बसतं?

साधारण साडी साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद. त्यातून एकेक मीटरचे चार चौकोन निघतात. दुपटं दोन पदरी असतं, म्हणजे दोन दुपटी झाली. उरलेल्या दीड मीटरमध्ये चार-पाच झबली आरामात होतात. चिंध्या टाकू नका, गोधडीच्या आत जातील.

झबलं: पहिल्यांदा शिवणाऱ्यांसाठी

बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं, हे आपल्या लक्षात येत नाही. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो आणि छातीचा त्याहून थोडा कमी. त्यात मान धरत नाही. म्हणून डोक्यातून घालायचा लहान गळ्याचा टीशर्ट नवजात बाळाला घालणं म्हणजे घरात कुस्ती. झबलं पुढून किंवा मागून पूर्ण उघडं असतं ते याचसाठी.

माप असं घ्या. तयार झबलं १२ इंच लांब आणि सपाट ठेवल्यावर १० इंच रुंद. कापताना चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीसाठी जास्त धरा. कापडाची चौघडी करा, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकदम कापला जातो. गळ्यासाठी घडीपासून दोन इंच आडवं जा. खोली पुढे दोन इंच, मागे एक इंच. बिनबाह्यांचं करायचं असेल तर खांद्यापासून खाली साडेचार इंचांचा मुंढा. मग पुढचा भाग मधोमध उभा कापून मोकळा करा. मी पुढून उघडं सुचवतोय, कारण बाळ दिवसभर उताणं असतं आणि मागची गाठ पाठीत रुतते.

आता शिवण. आतल्या बाजूला कच्च्या कडा ठेवायच्या नाहीत. आधी कापडाच्या सुलट बाजू बाहेर ठेवून कडेजवळ एक टीप मारा. मग कापड उलटवून त्याच जागी दुसरी टीप मारा. पहिली शिवण दुसरीच्या पोटात जाते आणि सुटा धागा कुठेच राहत नाही. हे जमत नसेल तर सोपा उपाय आहे. शिवण बाहेरच्या बाजूला येऊ द्या. आजीच्या काळची कितीतरी झबली अशी उलटी शिवलेली असायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

गळ्याला उरेब पट्टी लावा, म्हणजे तिरकी कापलेली. ती ताणली जाते आणि गळ्याशी काचत नाही. बंद त्याच कापडाचे करा. गाठ मारल्यावर दोन इंचांहून जास्त शेपूट उरायला नको. टोपडं आणि कुंचीच्या बंदांनाही हाच नियम. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांना टोपीभोवती आणि गळ्याभोवती ओढायची दोरी ठेवायला मनाई आहे. कारण तेच, दोरी अडकली तर गळ्याला फास बसतो.

गोधडी: कडेकडून मधे

गोधडी, वाकळ, सीमाभागात कौदी. नावं वेगळी, काम एकच: जुनं कापड एकावर एक ठेवून धावदोऱ्याने एकजीव करायचं. बाळाची गोधडी ३० इंच बाय ४० इंच पुरे. खाली एक पदर, मधे दोन-तीन पदर, वर सगळ्यात चांगला दिसणारा पदर. आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळं जागेवर बांधून घ्या. मग कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मधे या. दोन ओळींत बोटभर अंतर, टाका पाव इंचाहून मोठा नको. मोठ्या टाक्यात बाळाची बोटं अडकतात. दोऱ्याची गाठ पदरांच्या आत दडवा आणि शेवटी कच्चे टाके न विसरता उसवून काढा.

कडेकडून मधे येण्याची ही रीत आपल्या शेजारीही आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' शिवतात. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यातले बरेच गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून सुटून तिथल्या जंगलात आलेले. कवंदीच्या चार कोपऱ्यांवर त्या घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. फुलांशिवाय कवंदी म्हणजे उघडी-नागडी, असं त्या मानतात. बिहारची सुजनी आणि बंगालचा कांथाही याच घराण्यातले, जुन्या साड्या आणि साधा धावदोरा.

आत फोम किंवा पॉलिस्टरचा जाड थर घालायचा मोह होतो, कारण गोधडी फुगीर आणि गुबगुबीत दिसते. घालू नका. जुलैत आमच्याकडे असलं एक विकतचं पांघरूण दोन दिवस वाळत नव्हतं. साडीची गोधडी पंख्याखालीही रात्रीत वाळते, आणि बाळाची गोधडी किती वेळा धुवावी लागते हे ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांना सांगायला नको.

पण पांघरायची कधी?

इथे माझी दुसरी चूक. मी गोधडी दिली ती बाळाला झोपताना पांघरायला. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, पहिलं वर्षभर झोपताना अंगावर सुटं पांघरूण नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचाही सल्ला हाच आहे: बाळ उताणं, सपाट आणि टणक गादीवर, ताणून घातलेली चादर. उशी, गोधडी, मऊ खेळणी झोपायच्या जागी नकोत. सुटं कापड तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. तिथे १९९४ मध्ये 'बाळाला उताणं झोपवा' अशी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

आपल्याकडची मोहरीची उशीही यात येते. डोकं गोल व्हावं म्हणून ती प्रेमाने शिवून दिली जाते, पण डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिलाय. कुंची बाहेर जाताना छान, झोपताना नको.

हे ऐकून मी हिरमुसलो होतो. महिनाभर टाके घातले आणि गोधडी कपाटात? पण तसं झालं नाही. जागेपणी जमिनीवर घालायला, पालथं पडायचा सराव करायला, तेल लावताना मांडीवर घ्यायला ती रोज लागते. वर्ष झालं की पांघरूणही होईल. कुणाला गोधडी भेट देताना हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून द्या. नव्या आईला आधीच शंभर जण शंभर गोष्टी सांगत असतात. वापर कसा करायचा हे भेटीसोबतच आलं, तर आजी-आत्यांशी वाद घालायची वेळ तिच्यावर येत नाही.

खेळणी शिवणाऱ्यांसाठी

कापडी ससा, चेंडू, हत्ती काहीही करा, पण डोळ्यांना बटण किंवा मणी नको, दोऱ्याने भरा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने करतात. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. म्हणजे त्याहून थोडी मोठी वस्तूही धोक्याची. टिचबटणंही नकोत, ती ओढून निघतात. आणि शिवायला बसताना टाचण्या मोजा, उठताना पुन्हा मोजा. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कपडा कुणाला द्यायचा नाही.

देण्याआधी

तयार कपडा उलटा करा. उजेडात धरा. सुटा दिसेल तो प्रत्येक दोरा मुळाशी कापा. मग तो आपल्या गालावर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. आपल्याला टोचलं तर बाळाला टोचणारच. शेवटी साध्या साबणाने धुवा, दोन पाणी जास्त घ्या आणि उन्हात वाळवा.

माझ्या हातमोज्यांचं काय झालं? ते पुन्हा शिवले नाहीत. बाळाला हात तोंडात घालायला, चाचपायला मोकळे लागतात. ताई आता ते झोपलं की नखं कापते. लाल बदकं मी उसवली नाहीत, ती मोज्यांसकट आजीच्या शिवणाच्या डब्यात आहेत. आजीला आता सुई ओवता येत नाही. मी ओवून देतो, ती टाके घालते. सध्या दुसरी गोधडी चालू आहे.

तुमच्या घरी गोधडीला काय म्हणतात आणि ती कोण शिवायचं, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू. तोवर कपाटातली एक जुनी साडी काढून उजेडात धरून बघा. भेटू!